पोर्ट्समथची शिष्टाई

'दोघांचें भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली आहे. दोन मांजरांच्या भांडणांत लोण्याचा गोळा माकडाच्या पोटांत कसा गेला, ती गोष्टही आपण मुलांना सांगतों. परंतु राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांत या म्हणीची उलट बाजूही वारंवार दृष्टीस पडते. तेथें दोघांचें भांडण मिटतें, आणि त्या मिटण्यांतच तिसऱ्याचा घात होतो. १९०५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं रशिया आणि जपान यांच्यामध्यें जो तह घडवून आणिला, त्याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

या तहाची कीर्ति मोठी आहे. एका भयंकर युद्धाचा शेवट त्यानें झाला. अमेरिकेच्या अध्यक्षानें दोन बलाढ्य साम्राज्यांना आपल्या भूमीवर समोरासमोर बसवावें आणि त्यांचा तंटा तोडावा, हा देखावा त्या काळच्या जगाला नवा होता. त्याबद्दल १९०६ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक रूझवेल्ट यांना देण्यांत आलें, आणि नोबेल पारितोषिक मिळविणारे ते पहिले अमेरिकन ठरले. शाळेच्या पुस्तकांत या तहाला चार ओळी मिळतात; मुलें त्याचीं कलमें पाठ करतात आणि परीक्षा संपली कीं विसरून जातात. पण त्यांतील दुसरें कलम जरा थांबून वाचण्यासारखें आहे. त्या कलमांत ज्या देशाचें भवितव्य ठरलें, त्या देशाचा एकही माणूस तहाच्या मेजाभोवतीं बसलेला नव्हता.

प्रथम युद्धाची हकीकत थोडक्यांत पाहूं. भांडणाचें मूळ कोरिया आणि मांचूरिया या दोन प्रदेशांत होतें. १८९५ सालीं चीनचा पराभव करून जपाननें लिआओतुंग द्वीपकल्प मिळविलें. परंतु रशिया, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांनीं डोळे वटारल्यामुळें तें त्याला परत द्यावें लागलें. पुढें तीनच वर्षांनीं, १८९८ सालीं, तेंच द्वीपकल्प आणि त्यावरील पोर्ट आर्थरचें बंदर रशियानें चीनकडून पट्ट्यानें पदरांत पाडून घेतलें. हा अपमान जपान विसरला नाहीं. रशियाची रेल्वे मांचूरियांतून दक्षिणेकडे उतरली, आणि रशियाचा हात कोरियाच्या सरहद्दीला लागला. १९०३ सालीं दोन्ही सरकारांत बोलणीं चालू असतांना, कोरियाचा ३९ व्या अक्षांशाच्या उत्तरेकडील भाग तटस्थ ठेवावा, अशी सूचना रशियानें पुढें केली. कोरिया हें त्या वेळीं स्वतंत्र राज्य होतें. त्याला स्वतःचा सम्राट होता. परंतु त्याच्या भूमीची वांटणी दुसऱ्यांच्या नकाशांवर आधींच सुरू झाली होती.

१९०४ च्या फेब्रुवारींत, ८ तारखेच्या रात्रीं, जपानी नौकांनीं पोर्ट आर्थर येथील रशियन आरमारावर अचानक टॉर्पेडो सोडले आणि युद्ध पेटलें. पोर्ट आर्थरचा वेढा कित्येक महिने चालला. त्यांत जपानचे ५० हजारांहून अधिक सैनिक मृत अथवा जखमी झाले, आणि १९०५ च्या जानेवारीच्या आरंभीं किल्ला पडला. फेब्रुवारीच्या अखेरीपासून १० मार्चपर्यंत मुकडेन येथें महायुद्ध झालें. दोन्ही पक्ष मिळून सहा लाखांच्या वर सैन्य तेथें झुंजत होतें, आणि मृत, जखमी व कैदी यांची संख्या दीड लाखाहून अधिक भरली. शेवटीं बाल्टिक समुद्रांतून निघालेलें रशियाचें मोठें आरमार सुमारें १८ हजार मैलांचा प्रवास करून पूर्वेस आलें, तें २७ आणि २८ मे १९०५ या दोन दिवसांत त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत ॲडमिरल टोगो यांनीं जवळजवळ नामशेष केलें. रशियाचे सुमारें पांच हजार खलाशी व सैनिक तेथें प्राणांस मुकले. जपानचीं अवघीं ११७ माणसें मेलीं.

आशियांतील एका राष्ट्रानें युरोपांतील एका साम्राज्याला असें नमविलेलें पाहून आपल्या देशांतही लोकांच्या मनाला उभारी आली. पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांतून जपानचे गोडवे गाइले गेले, आणि घरोघरीं टोगोंचें नांव झालें. तो आनंद स्वाभाविक होता. परंतु ज्या मातीवर हें युद्ध झालें, ती माती रशियाचीही नव्हती आणि जपानचीही नव्हती. चीननें आपण तटस्थ असल्याचें जाहीर केलें होतें. तरी लढाया मांचूरियांत, म्हणजे चीनच्याच शेतांत आणि चीनच्याच खेड्यांत झाल्या.

विजय मिळाला तरी जपान आंतून थकला होता. युद्धखर्चाचा मोठा भाग लंडन आणि न्यूयॉर्क येथील सावकारांकडून कर्ज काढून भागवावा लागला होता. नवें सैन्य उभें करण्यास माणसें उरलीं नव्हतीं, आणि अनुभवी सेनाधिकारी तर फारच थोडे शिल्लक होते. रशियाजवळ माणसें पुष्कळ होतीं. पण त्यांना आणावयाचें तें सैबेरियांतील एकेरी लोहमार्गानें, आणि राजधानींत तर क्रांतीचे निखारे फुलले होते. जानेवारींत सेंट पीटर्सबर्ग येथें झारच्या राजवाड्याकडे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र कामकऱ्यांवर सैनिकांनीं गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हां तह दोघांनाही हवाच होता. परंतु 'मला तह हवा' असें प्रथम म्हणणारा दुबळा ठरतो, ही अडचण होती. अशा वेळीं मध्यस्थाचें महत्त्व वाढतें.

३१ मे रोजीं, त्सुशिमाच्या विजयानंतर तिसऱ्याच दिवशीं, जपान सरकारनें रूझवेल्ट यांना गुप्तपणें विनंति केली कीं, आपण होऊन, स्वतःच्याच प्रेरणेनें केल्याप्रमाणें, दोन्ही पक्षांस तहाच्या बोलण्याचें निमंत्रण द्यावें. रूझवेल्ट यांनीं तें मान्य केलें. त्यांच्या वकिलानें ७ जूनला झारची भेट घेऊन त्यांची संमति मिळविली, आणि ८ जूनला अध्यक्षांचें निमंत्रण दोन्ही राजधान्यांस रवाना झालें. परराष्ट्रमंत्री जॉन हे आजारी होते आणि १ जुलै रोजीं ते वारले. त्यामुळें हें प्रकरण अध्यक्षांनीं जवळजवळ एकट्याच्या हातांनीं चालविलें.

हे रूझवेल्ट कसे होते? १९०१ सालीं अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाला, तेव्हां उपाध्यक्ष म्हणून त्यांच्या जागीं ते आले. त्या वेळीं त्यांचें वय ४२ वर्षांचें होतें. घोड्यावर बसणें, शिकार करणें, मुष्टियुद्ध खेळणें, ग्रंथ लिहिणें, सर्व कांहीं त्यांनीं केलें होतें. व्हाइट हाउसमध्यें जपानी शिक्षक ठेवून ते ज्यूदोचे डावही शिकले. 'हळू बोलावें आणि हातांत मोठा सोटा ठेवावा' हें त्यांचें आवडतें सूत्र. १९०३ सालीं पनामाच्या बाबतींत जगानें तो सोटा पाहिला होता. अशा गृहस्थानें शांततेचा दूत व्हावें याचें अनेकांना आश्चर्य वाटलें. पण त्यांत आश्चर्य करण्यासारखें फारसें नव्हतें.

आपल्याकडे शिष्टाई म्हटली कीं कृष्णशिष्टाई आठवते. कृष्ण हस्तिनापुरास गेले ते पांडवांच्या वतीनें, आणि ही गोष्ट त्यांनीं कोणापासून लपविली नाहीं. रूझवेल्ट यांची भूमिका निःपक्ष मध्यस्थाची होती; परंतु मध्यस्थालाही स्वतःचें घर असतें. १८९८ सालीं स्पेनचा पराभव करून अमेरिकेनें फिलिपाइन्स बेटें घेतलीं होतीं, आणि तेथील लोकांचें स्वातंत्र्ययुद्ध शस्त्रबळानें मोडून काढलें होतें. तीं बेटें जपानच्या आरमाराच्या टप्प्यांत होतीं. रशियाचा विजय झाला तर मांचूरियांतील व्यापाराचे दरवाजे बंद होतील, आणि जपानचा संपूर्ण विजय झाला तर फिलिपाइन्सवर संकट येईल, असा दुहेरी घोर रूझवेल्ट यांना होता. दोघेही उभे राहावेत, दोघांनींही एकमेकांवर नजर ठेवावी, आणि दोघांपैकीं कोणीही फार मोठा होऊं नये, हें त्यांचें गणित. यालाच मुत्सद्द्यांच्या भाषेंत सत्तेचा समतोल म्हणतात.

वॉशिंग्टनचा उन्हाळा असह्य असतो. म्हणून परिषदेसाठीं ईशान्य किनाऱ्यावरील आरमारी गोदी निवडण्यांत आली. ही गोदी नदीच्या एका तीरावर मेन संस्थानांतील किटरी येथें आहे. परंतु पलीकडच्या तीरावरील पोर्ट्समथ या शहराचें नांव तिला लागलेलें असल्यामुळें तहालाही तेंच नांव मिळालें. जपानतर्फे परराष्ट्रमंत्री कोमुरा आणि वॉशिंग्टन येथील वकील ताकाहिरा आले. रशियातर्फे माजी अर्थमंत्री सर्गेई विट्टे आणि वकील बॅरन रोझेन. ५ ऑगस्ट रोजीं ऑयस्टर बे येथें, रूझवेल्ट यांच्या घराजवळच्या खाडींत, अध्यक्षांच्या 'मेफ्लॉवर' या नौकेवर चौघांची पहिली भेट झाली. पंक्तींत वरचें पान कोणाचें, प्रथम शुभेच्छा कोणाला, यावरून मान-अपमान होण्याचा संभव होता. लग्नकार्यांत असे प्रसंग आपण पाहतोंच. रूझवेल्ट यांनीं युक्ति केली. त्यांनीं खुर्च्याच मांडल्या नाहींत. सर्वांनीं उभ्यानेंच फराळ केला, आणि अध्यक्षांनीं दोन्ही सम्राटांच्या व दोन्ही राष्ट्रांच्या कल्याणासाठीं एकच पेला उचलून, त्याला कोणीं उत्तर देऊं नये अशी विनंति केली. प्रसंग निभावला.

त्यानंतर रूझवेल्ट पोर्ट्समथला एकदांही गेले नाहींत. आपल्या सॅगमोर हिल या घरीं बसून तारा आणि पत्रें यांनीं त्यांनीं सूत्रें हालविलीं. परिषदेंत एकेक कलम मागें पडत गेलें. मांचूरिया दोघांनींही खाली करावा. लिआओतुंगचा पट्टा आणि दक्षिणेकडील रेल्वे जपानकडे जावी. या गोष्टी फारशी खळखळ न होतां ठरल्या. गाडें अडलें तें दोन ठिकाणीं. जपानला युद्धखर्चाची भरपाई हवी होती, आणि जुलै महिन्यांत आपल्या सैन्यानें व्यापलेलें साखालिन बेटही हवें होतें. झारचें म्हणणें असें कीं, रशिया एक कवडी देणार नाहीं आणि एक वीत जमीन देणार नाहीं. मग तोड निघाली: साखालिनचा उत्तर भाग रशियाला परत द्यावा, आणि त्याबद्दल १२० कोटी येन घ्यावेत. भरपाईला दुसरें नांव दिलें म्हणून झारनें ती मान्य केली नाहीं.

येथें रूझवेल्ट यांचें कौशल्य दिसून येतें. २३ ऑगस्ट रोजीं त्यांचे वकील मेयर यांनीं झारची पुन्हां भेट घेतली, आणि दक्षिण साखालिन सोडण्यास त्यांचें मन वळविलें. इकडे जपानी सरदार कानेको हे रूझवेल्ट यांच्याप्रमाणेंच हार्वर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्यांच्या हस्तें अध्यक्षांनीं जपानला सांगून पाहिलें कीं, केवळ पैशासाठीं युद्ध पुढें चालविलें तर जगाची सहानुभूति जाईल, आणि जेवढा पैसा मिळेल त्याहून अधिक खर्च होईल. टोकियोंतील वडीलधाऱ्या मुत्सद्द्यांनीं २८ ऑगस्टला सम्राटांसमोर बसून विचार केला आणि भरपाईची मागणी सोडली. २९ ऑगस्टला विट्टे यांनीं आपली शेवटची सूचना मांडली. कोमुरा यांनीं ती स्वीकारली. ५० व्या अक्षांशाच्या दक्षिणेकडील साखालिन जपानला मिळालें, पैसा मिळाला नाहीं, आणि ५ सप्टेंबर १९०५ रोजीं तहावर सह्या झाल्या.

या तहानें खरोखर कोणाचें समाधान झालें? रशियांत विट्टे यांना सरदारकी मिळाली. पण त्याबरोबर 'अर्ध्या साखालिनचे सरदार' अशी कुचेष्टाही त्यांच्या वांट्यास आली. टोकियोंत तर तहाच्या दिवशींच हिबिया उद्यानांत जमलेला लोकसमुदाय खवळला. एवढा विजय मिळवून एक छदामही कसा मिळाला नाहीं, हें लोकांना समजेना. कारण देशाची तिजोरी किती रिकामी झाली होती, हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. शेंकडों पोलीस चौक्या जाळण्यांत आल्या, १७ माणसें मेलीं, आणि राजधानींत लष्करी कायदा पुकारावा लागला. तरीही रक्तपात थांबला, ही गोष्ट लहान नाहीं. मांचूरियाच्या थंडींत आणखी एक हिवाळा लढण्यांत गेला असता, तर आणखी किती घरें ओसाड झालीं असतीं याचा अंदाज मुकडेनच्या आंकड्यांवरून करतां येतो. तें श्रेय रूझवेल्ट यांना दिलेंच पाहिजे.

आतां दुसऱ्या कलमाकडे वळूं. कोरियामध्यें जपानचे राजकीय, लष्करी आणि आर्थिक हितसंबंध सर्वश्रेष्ठ आहेत हें रशिया मान्य करीत आहे, आणि जपान तेथें मार्गदर्शन, संरक्षण व नियंत्रण यांसाठीं जे उपाय योजील त्यांत रशिया अडथळा आणणार नाहीं, असा त्या कलमाचा आशय आहे. विट्टे यांनीं कोरियाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न काढला, तेव्हां परिषदेच्या नोंदींत एवढें लिहून ठेवण्यांत आलें कीं, त्या सार्वभौमत्वाला बाधा येईल असे उपाय कोरियाच्या सरकारशीं एकमत करूनच योजिले जातील. हें एकमत कसें मिळविण्यांत आलें, तें पुढें येईल.

कोरियानें आपल्या रक्षणाचा विचार केला नव्हता असें नाहीं. १८८२ सालीं त्यानें अमेरिकेशीं तह केला होता. त्याच्या पहिल्याच कलमांत असें वचन होतें कीं, दुसऱ्या एखाद्या सत्तेनें दोहोंपैकीं एकाशीं अन्यायानें अथवा जुलमानें वर्तन केलें, तर दुसऱ्यानें तें कळतांच सलोखा घडवून आणण्यासाठीं आपली रदबदली करावी. सम्राट गोजोंग यांचा या शब्दांवर मोठा भरंवसा होता. दूरचें, श्रीमंत आणि जमिनीचा लोभ नसलेलें राष्ट्र म्हणून ते अमेरिकेकडे पाहात होते.

आतां १९०५ च्या उन्हाळ्यांतील तीन तारखा लक्षांत घ्या.

२७ जुलै. अमेरिकेचे युद्धमंत्री टॅफ्ट फिलिपाइन्सला जातांना टोकियोस थांबले, आणि जपानचे पंतप्रधान कात्सुरा यांच्याशीं त्यांचें संभाषण झालें. फिलिपाइन्सवर जपानचा डोळा नाहीं, असें कात्सुरा यांनीं सांगितलें. आणि कोरियावर जपानचें अधिराज्य असणें हें या युद्धाचें योग्य फळ होय, असें आपलें वैयक्तिक मत टॅफ्ट यांनीं दिलें. चारच दिवसांनीं रूझवेल्ट यांनीं तारेनें कळविलें कीं, टॅफ्ट यांचें म्हणणें सर्वस्वीं बरोबर आहे. हें टिपण १९२४ पर्यंत जगाला ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं टायलर डेनेट या अमेरिकन अभ्यासकानें तें प्रसिद्ध केलें. तो करार होता कीं नुसती मतांची देवाणघेवाण होती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु ज्या दोन देशांविषयीं तेथें बोलणें झालें, त्यांपैकीं एकाही देशाच्या माणसाला विचारलें गेलें नव्हतें, याविषयीं मतभेद नाहीं.

४ ऑगस्ट. 'मेफ्लॉवर' नौकेवरील फराळाच्या आदल्या दिवशीं दोन कोरियन गृहस्थ ऑयस्टर बे येथें रूझवेल्ट यांच्या भेटीस आले. त्यांपैकीं एक होते तिशीचे सिंगमन री. हवाई बेटांवर उंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या हजारों कोरियन मजुरांच्या वतीनें त्यांनीं अर्ज आणिला होता: १८८२ चा तह आठवा, आणि आमच्या देशाचें स्वातंत्र्य सांभाळा. अध्यक्षांनीं त्यांचें सौजन्यानें स्वागत केलें, आणि हा अर्ज आपल्या वकिलातीमार्फत रीतसर पाठवावा असें सांगितलें. दोघेही आनंदानें वॉशिंग्टनला धांवत गेले. पण तेथील कोरियन वकिलानें अर्ज पुढें पाठविण्याचें नाकारलें. टोकियोंत २७ जुलैला काय बोलणें झालें होतें, याची त्या दोघांना कल्पना नव्हती. अध्यक्षांना मात्र ती पुरेपूर होती.

१२ ऑगस्ट. पोर्ट्समथला परिषद चालू असतांनाच लंडन येथें इंग्लंड आणि जपान यांच्या मैत्रीचा करार नव्यानें झाला. त्यांत कोरियांतील जपानचे श्रेष्ठ हितसंबंध इंग्लंडनें मान्य केले. आणि श्रोतेहो, याच करारांत प्रथमच हिंदुस्थानचें नांव आलें. १९०२ च्या पहिल्या करारांत तें नव्हतें. हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या सुरक्षिततेंत इंग्लंडचा विशेष हितसंबंध आहे हें जपाननें मान्य केलें. ज्या जपानच्या विजयानें आपल्या वाडवडिलांनीं साखर वांटली असेल, त्याच जपाननें त्याच महिन्यांत आपल्यावरील इंग्रजी सत्तेच्या रक्षणाला हातभार लावण्याचें वचन दिलें होतें. कोरियाला कोणीं विचारलें नाहीं, तसेंच आपल्यालाही कोणीं विचारलें नाहीं. म्हणून कोरियाची ही कथा आपणांस परकी वाटूं नये.

पुढील घटना झपाट्यानें घडल्या. १९०५ च्या नोव्हेंबरांत इतो हे जपानचे ज्येष्ठ मुत्सद्दी सोल येथें आले. १७ तारखेस जपानी सैनिकांनीं राजवाडा वेढला असतांना कोरियाच्या मंत्र्यांना एकत्र बसवून, परराष्ट्रव्यवहार जपानच्या हातीं देणाऱ्या करारास होकार मागण्यांत आला. मुख्य प्रधानांनीं नकार दिला. त्यांना तेथून बाजूस नेण्यांत आलें. आठ मंत्र्यांपैकीं पांच जणांनीं मान तुकविली. सम्राटांनीं स्वतः सही केली नाहीं. पोर्ट्समथच्या नोंदींत लिहिलेलें एकमत तें हेंच.

याच सुमारास होमर हलबर्ट नांवाचे एक अमेरिकन शिक्षक सम्राट गोजोंग यांचें पत्र घेऊन वॉशिंग्टनला पोहोंचले होते. १८८६ पासून ते कोरियांत होते. व्हाइट हाउसनें तें पत्र घेतलें नाहीं. परराष्ट्र खात्याकडे जाण्यास सांगितलें. आणि तेथें गांठ पडेपर्यंत करार पुरा झालेला होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वींच अमेरिकेनें सोल येथील आपली वकिलात बंद करण्याचा निर्णय घेतला. पाश्चात्य राष्ट्रांपैकीं कोरियाशीं पहिला तह करणारी अमेरिका. आणि तेथून पाय काढून घेण्यांतही पहिली अमेरिकाच. १९०७ सालीं गोजोंग यांनीं हेग येथील शांतता परिषदेस गुप्तपणें तीन दूत पाठविले. त्यांना आंत घेण्यांत आलें नाहीं. या 'अपराधा'बद्दल सम्राटांना सिंहासन सोडावें लागलें. १९१० च्या ऑगस्टांत कोरिया जपानच्या साम्राज्यांत विलीन करण्यांत आला.

आतां रूझवेल्ट यांची बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, जे लोक स्वतःच्या रक्षणासाठीं एक ठोसाही मारूं शकत नाहींत, त्यांच्यासाठीं अमेरिकेनें जपानशीं युद्ध करावें हें शक्य नाहीं. आणि तें खरेंही होतें. कोरियासाठीं लढण्याला अमेरिकन लोकसभेनें एक डॉलरही मंजूर केला नसता. पोकळ धमकी देऊन नंतर माघार घेण्यापेक्षां गप्प बसणें बरें, असा त्यांचा व्यवहारी विचार होता. सोटा हातांत नसतांना मोठ्यानें बोलूं नये, हा त्यांच्याच सूत्राचा अर्थ.

परंतु १८८२ च्या तहांत सैन्य पाठविण्याचें वचन नव्हतेंच. वचन होतें तें एका शब्दाचें, रदबदलीचें. आणि रदबदली करण्याची जेवढी शक्ति १९०५ च्या ऑगस्टांत रूझवेल्ट यांच्या हातीं होती, तेवढी त्या वेळीं जगांत दुसऱ्या कोणाच्याही हातीं नव्हती. झारशीं ते बोलत होते, जपानच्या सम्राटांच्या सल्लागारांना पत्रें लिहीत होते. अर्ध्या साखालिनसाठीं त्यांनीं रात्रंदिवस तारा केल्या. कोरियासाठीं एक तार त्यांनीं केली, आणि ती टॅफ्ट यांना दुजोरा देणारी होती. युद्ध करतां येत नव्हतें म्हणून मौन पाळलें, हें समर्थन फार तर मौनापुरतें चालेल; आधींच दिलेल्या संमतीला तें लागू पडत नाहीं. आणि ज्यांना दार बंद आहे हें ठाऊक होतें, त्यांनींच अर्जदारांना रीतसर मार्ग दाखवावा, हें तर त्याहून कठोर होय.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी हें गणित फार काळ टिकलें नाहीं. १९०६ च्या ऑक्टोबरांत सॅन फ्रान्सिस्को शहरानें जपानी मुलांना वेगळ्या शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला, आणि जपान दुखावला. १९०७ सालीं रूझवेल्ट यांनीं १६ लढाऊ जहाजांचा तांडा जगाच्या प्रदक्षिणेस पाठविला. तो सोटा दाखविण्याचाच प्रकार होता. रशिया आणि जपान एकमेकांवर नजर ठेवतील ही अपेक्षाही फसली. १९०७ च्या जुलैमध्यें त्या दोघांनीं गुप्त करार करून मांचूरियाची आपसांत वांटणी केली. पुढें १९३१ सालीं जपाननें सबंध मांचूरिया गिळला. आणि ज्या फिलिपाइन्ससाठीं एवढी काळजी वाहिली, त्यांच्यावर १९४१ च्या डिसेंबरांत जपानचा हल्ला झालाच. या सर्वांचें खापर एका टिपणावर फोडणें अन्यायाचें होईल. मध्यें छत्तीस वर्षें आणि अनेक माणसांच्या चुका आहेत. तरी इतकें दिसतें कीं, दुबळ्याला देऊन बळकटाला संतुष्ट ठेवण्याचा सौदा थोड्या दिवसांचाच असतो.

१९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण आला आणि कोरिया मोकळा झाला. त्या वेळीं वॉशिंग्टन येथें रात्रीच्या बैठकींत दोन अमेरिकन कर्नलांनीं नकाशा पुढें ओढून ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली: उत्तरेस रशियन सैन्य, दक्षिणेस अमेरिकन. त्याही वेळीं कोरियन माणसाला कोणीं विचारलें नाहीं. १९५० ते १९५३ या तीन वर्षांच्या युद्धानंतर थोडीशी सरकलेली ती रेघ आजही त्या देशाच्या मधोमध आहे.

१९०५ सालीं अर्ज घेऊन आलेले सिंगमन री १९४८ सालीं दक्षिण कोरियाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं हलबर्ट यांना सोलला आमंत्रण दिलें. ८६ वर्षांचे ते वृद्ध शिक्षक समुद्रमार्गें आले आणि आठवड्याच्या आंतच तेथें वारले. ज्यांच्या हातांतील पत्र त्यांच्याच देशानें घेतलें नव्हतें, त्यांना कोरियानें आपल्या मातींत जागा दिली. सोल शहरांत त्यांची समाधि आहे.

श्रोतेहो, पुढें जेव्हां जेव्हां एखाद्या मोठ्या राष्ट्राचा प्रमुख दोघांचें भांडण मिटवून दिल्याची वार्ता आपण वाचूं, तेव्हां त्याचें अभिनंदन अवश्य करावें. शांतता मोलाची आहे, आणि ती घडविणाऱ्याला श्रम पडतात. परंतु हस्तांदोलनाचें चित्र पाहून वर्तमानपत्र मिटण्यापूर्वीं तहाचीं कलमें वाचावींत, आणि त्यांत अशा एखाद्या देशाचें नांव आहे काय तें पाहावें, कीं ज्याची सही खालीं नाहीं.